चाक, चक आणि थापटणं

उत्खननाचे अहवाल वाचायला लागलात की पहिल्या आठवड्यातच एक शब्द ओळखीचा होतो: ‘चाकावर घडवलेले’. इंग्रजी अहवालात ‘व्हील-मेड’. खापरांच्या तक्त्यात त्यासाठी एक रकानाच असतो आणि त्यात बहुधा दोनच पर्याय दिसतात, चाकावर किंवा हाताने. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी पुरातत्त्वाकडे वळले, त्यामुळे दोन पर्यायांचा रकाना दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोजलं कशाने? म्हणजे हे खापर चाकावरचं आहे हे नेमक्या कुठल्या खुणेवरून ठरलं, आणि ती खूण भांड्याच्या कुठल्या भागावर होती?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपल्या नाशिकचा अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास आपण बऱ्याच अंशी खापरांवरूनच लिहिलेला आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जुन्या नाशकात गोदावरीकाठच्या मातीच्या गढीवर, आणि त्याच हंगामात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. दोन्हींचा एकत्र अहवाल १९५५ मध्ये आला. जोर्वेला मिळालेल्या तांबूस-नारिंगी, काळ्या रंगात नक्षी काढलेल्या पातळ भांड्यांवरून ‘जोर्वे’ हे नाव अख्ख्या एका संस्कृतीला मिळालं. काळ साधारण इ. स. पू. १४०० ते ७००. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशी एकेक गावं या नकाशावर आली. या भांड्यांचं वर्णन सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच मिळतं: चाकावर घडवलेली, पातळ, चांगली भाजलेली, वाजवली तर धातूसारखी खणखणणारी.

यातला ‘चाकावर घडवलेली’ हा शब्द मला अपुरा वाटतो. चूक नाही, अपुरा. कारण चाकावरून उतरलेलं भांडं हे पूर्ण भांडं नसतं.

चाकानंतर काय होतं

चाकावर ओली माती वर ओढली जाते. भिंत उभी राहायची तर खालच्या भागाला वरचं वजन पेलावं लागतं, म्हणून तळाकडची माती जाड ठेवावी लागते. कुंभार दोऱ्याने भांडं कापून चाकावरून उतरवतो तेव्हा तळ जाड, सपाट आणि बोजड असतो. ही जास्तीची माती पुढे कुठे जाते, हा या लेखाचा प्रश्न. आणि तिला जायला दोनच मुख्य वाटा आहेत. एक, ती कापून काढायची. दोन, ती ठोकून पसरवायची.

पहिली वाट म्हणजे तासणं. भांडं थोडं वाळू द्यायचं. चामड्यासारखं झालं, म्हणजे बोटाने दबत नाही पण पात्याने कापलं जातं अशा अवस्थेला आलं, की ते चाकावर उलटं ठेवायचं, बरोबर मध्यावर आणायचं आणि चाक फिरत असताना पातं धरायचं. मातीच्या लांब सालपटी निघतात. वाडगा असेल तर काम सोपं आहे, रुंद तोंडावर तो उलटा बसतो. पण सुरई किंवा चंबू? अरुंद मानेवर उलटा उभा केलेला चंबू पात्याचा पहिला धक्का लागताच आडवा होणार. धक्का लागतो वर, तळाशी, आणि आधार आहे खाली, चार बोटं रुंदीच्या वर्तुळावर. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आकृती काढून दाखवायची गरज नाही.

इथे येतो चक. लेथ मशीनवर काम केलेल्यांना शब्द माहीत आहे; लेथचा चक धातूचा तुकडा जबड्यात धरतो. कुंभाराचा चक असं काही धरत नाही. तो मातीचीच एक पोकळ बैठक असतो, दोन्ही टोकांनी उघडी, जाड भिंतीची. ती चाकाच्या मध्यावर पक्की बसवायची आणि चंबूची मान तिच्या आत सोडायची. आता चंबू मानेवर उभा नसतो, खांद्यावर टेकलेला असतो. आधाराचं वर्तुळ मोठं झालं आणि भांड्याचा भार खाली आला. बस्स, एवढंच तत्त्व. (चाक आणि चक, फरक एका कान्याचा. टिपणं लिहिताना जपा, घाईत लिहिलेलं आठवड्याने स्वतःलाच वाचता येत नाही.)

दुसरी वाट आपल्या जास्त ओळखीची आहे, निदान शब्दाने तरी. गोरोबाकाकांची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. तेरचे संत गोरा कुंभार, जमलेल्या संतमंडळींमध्ये कच्चं मडकं कोण आणि पक्कं कोण हे पाहण्यासाठी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारतात आणि नामदेव कच्चे ठरतात. गोष्टीतलं ते थापटणं हे कुंभाराचं खरं हत्यार आहे, लाकडाची चपटी, मुठीची फळी. भांड्याच्या आत एका हाताने गुळगुळीत दगड किंवा भाजलेल्या मातीचा गोळा धरायचा, बाहेरून दुसऱ्या हाताने थापटणं मारायचं आणि भांडं फिरवत राहायचं. ओली माती हत्याराला चिकटू नये म्हणून मधूनमधून राख लावायची. जाड तळ हळूहळू पातळ होतो आणि खाली गोल फुगतो. भांडं मोठंही होतं, कारण कापलेल्या मातीप्रमाणे इथे काही बाहेर जात नाही. चाकावरून उतरलेला ठेंगणा, जाड गोळा थापटून थापटून मोठा माठ होतो, हे प्रत्यक्ष पाहिलं नसेल तर एकदा जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन पाहा.

मी गेले होते. ज्या काकांकडे बसले, त्यांना मी मोबाइलवर चक वापरून तासण्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांना गंमत वाटली ती सालपटींच्या ढिगाची. जी माती परत मळावी लागणार ती आधी भांड्यात घ्यायचीच कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

हिशेब मातीचाच नाही, चुलीचाही आहे. तीन दगडांच्या चुलीवर ठेवायचं भांडं गोल तळाचं लागतं. सपाट तळ आणि उभी भिंत जिथे मिळतात तो कोन आचेवर आधी तडकतो, कारण तिथे जाडी एकदम बदलते. गोल तळात आच सारखी पसरते. आता अडचण अशी की चाकावर गोल तळ थेट निघत नाही, चाकाला टेकलेली बाजू सपाटच राहणार. तो गोल करायचा तर उलटा ठेवून तासा, नाहीतर थापटा. आपल्याकडच्या कुंभारांच्या मातीत राख, लीद असं बरंच काही मिसळलेलं असतं. अशा मातीला पातं लावलं की खडे आणि काड्या ओढल्या जातात, पृष्ठभाग फाटतो. थापटलं की तीच माती घट्ट बसते. त्यामुळे पाण्याचे माठ आणि स्वयंपाकाची मडकी आपल्याकडे मुख्यतः थापटण्याच्या वाटेने गेली, यात मला नवल वाटत नाही. पण ‘मुख्यतः’ या शब्दाखाली तीन हजार वर्षं झाकायची का?

शिलालेख काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

नाशिकवर काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे, पांडवलेणी. मातीच्या गढीपासून काही किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगरात कोरलेल्या या लेण्यांमध्ये इथल्या कारागिरांचा उल्लेख प्रत्यक्ष दगडात आहे. आभीर राजा माठरीपुत्र ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या ९व्या वर्षाचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाची शक घराण्यातली उपासिका भिक्षुसंघातल्या आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवते. ठेव कुठे? कारागिरांच्या श्रेणींकडे. कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण, ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २०००, आणि यादीत तेल्यांची श्रेणीही आहे. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो.

हा लेख मला फार आवडतो. त्याच्या आधीच्या काळात, नहपानाचा जावई उषवदात याने लेणं क्र. १० मध्ये गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २००० आणि १००० कार्षापण ठेवले आणि व्याजाचा दरही कोरून ठेवला, महिन्याला शेकडा १ आणि पाऊण. म्हणजे नाशिक परिसरात कारागिरांची श्रेणी ही पेढीसारखी विश्वासाची जागा होती, आणि तिसऱ्या शतकात कुंभार त्या यादीत होते. कुंभार म्हणजे गावगाड्यातला एक बलुतेदार, ही नंतरची चौकट मागे ढकलत नेण्याआधी हा लेख आठवावा.

पण त्यांच्या हाताखाली माती कशी घडत होती, याबद्दल लेखात अक्षर नाही. असणारही नाही. देणगीचा लेख रक्कम सांगतो, हेतू सांगतो, साक्ष ठेवतो. तंत्र विचारायचं तर खापरालाच विचारावं लागतं.

हत्यार सापडत नाही तेव्हा

‘तासण्याचा चक उत्खननात मिळाला का’ असा प्रश्न मला एका चर्चासत्रात विचारला गेला होता. प्रश्न रास्त आहे, पण चक म्हणजे काय याचा विचार करा. तो कच्च्या मातीचा असू शकतो. काम झालं की पाण्यात टाकला, मळला, दुसऱ्या दिवशी त्याचाच माठ झाला. अशा हत्याराचा मागमूस राहत नाही. समजा भाजलेला असेल, तर तो दिसेल कसा? दोन्ही बाजूंनी उघडं, जाड कडेचं, कंबरेत बारीक असं एक कडं. अशा वस्तूला आपण अहवालात काय म्हणतो? ‘भांडं ठेवण्याची बैठक’, रिंग-स्टँड. गोल तळाच्या भांड्याला बैठक लागतेच, त्यामुळे हे नाव बहुतेक वेळा बरोबरही असेल. पण घरातली बैठक आणि कुंभाराच्या चाकावरची बैठक आकाराने सारखीच असणार, आणि नाव देताना आपण स्वयंपाकघरच डोळ्यांसमोर आणतो. अशी वस्तू हातात आली तर आधी कुठे मिळाली ते बघा, भट्टीजवळ की चुलीजवळ. मग आतल्या वरच्या कडेची झीज बघा.

थापटण्याचीही तीच गत. लाकूड कुजून जातं. आतला गोळा दगडाचा असेल तर तो वाटण्याच्या दगडांबरोबर एका पिशवीत जातो.

थोडक्यात, दोन्ही वाटांची हत्यारं पुराव्यातून निसटण्यात पटाईत आहेत. म्हणून ‘हत्यार मिळालं नाही, म्हणजे तंत्र नव्हतं’ हा तर्क इथे चालत नाही. उरतो तो खापरावरचा ठसा.

खापर कसं वाचायचं

प्रयोगशाळेत जाण्याआधी बरंच काम दोन वस्तूंवर होतं: दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने पडणारा तिरपा प्रकाश. वरून दिवा लावलात तर खुणा दिसतच नाहीत. टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवा आणि खापर हळूहळू फिरवा.

सुरुवात तळापासून करा. काठ रंगवलेला असतो, सुंदर असतो, म्हणून सगळे काठ पाहतात; रेखाचित्रंही काठांचीच जास्त होतात. तंत्राची कबुली मात्र बहुधा तळाशी मिळते. दोऱ्याने कापलेला तळ असेल तर शिंपल्यासारख्या वळणदार रेघा दिसतात, एका बाजूला गोळा होणाऱ्या, कारण दोरा कापत असताना चाक फिरत होतं. पणत्या आणि बोळकी उलटी करून पाहा, हीच खूण मिळेल. त्या तळावर कुणी पुढे काहीच काम केलं नाही, असा त्याचा अर्थ.

तासलेल्या तळावर ही वळणं पुसली जातात. त्यांच्या जागी एकाच मध्याभोवतीची वर्तुळं येतात. बाहेरच्या बाजूला साधारण एका उंचीपर्यंत धारदार कडांच्या पट्ट्या दिसतात आणि पट्ट्यांत बारीक खाचा. प्रत्येक खाचेच्या टोकाला एखादा वाळूचा कण अडकलेला असतो किंवा तो निसटून गेल्याचा खड्डा. पात्याने कण ओढला, त्याची शेपटी मागे राहिली. शेपटीची दिशा चाक कुठल्या बाजूने फिरत होतं तेही सांगते. आणि सगळ्यात खात्रीची खूण छेदात आहे. तासलेल्या भांड्याची आतली आणि बाहेरची रेघ एकमेकींच्या समांतर जात नाहीत. आत चाकावरच्या बोटांच्या लाटा जशाच्या तशा असतात आणि बाहेर लाट नसतेच, कारण ती कापून गेलेली असते.

थापटलेलं भांडं उलट बोलतं. बाहेर हलके सपाट चट्टे, एकाला एक लागून. हाताला आधी जाणवतात, डोळ्याला नंतर. आतल्या बाजूला बोटांच्या लाटा खांद्यापर्यंत असतात आणि तिथून खाली एकदम गायब. त्यांच्या जागी गोळ्याचे उथळ, गोल दाब. जाडी खाली जाताना कमी होते, चाकावरच्या भांड्याच्या अगदी उलट. तुकडा तुटतो तोही थरांत, पापुद्रे सुटल्यासारखा.

पुढची पायरी क्ष-किरणांची. ओवेन राय या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९७०च्या दशकात हे काम नीट मांडलं. चाकावर ओढलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या तिरप्या, वर चढत जाणाऱ्या दिशेने लांबतात, कारण कुंभाराचा हात वर जात असतो आणि चाक फिरत असतं. थापटल्यावर या पोकळ्या चपट्या होतात आणि मोठ्या खड्यांभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा पडतात. तासण्याचं काय? तासण्याने भिंतीच्या आत काहीच बदलत नाही, फक्त बाहेरचा थर निघून जातो. म्हणजे क्ष-किरण चित्रात तासलेलं आणि न तासलेलं भांडं सारखंच दिसतं. फक्त महागड्या यंत्रावर भरवसा ठेवणारे इथे फसतात. भिंग ते भिंग.

आणखी एक गुंता आहे. १९९०च्या दशकात व्हॅलेन्टाइन रू आणि मारी-आन्येस कूर्ती यांनी दाखवून दिलं की मातीच्या वळ्या एकावर एक रचून भिंत उभी करायची आणि मग ती चाकावर फिरवून गुळगुळीत करायची, असं केलं तरी बाहेरून भांडं चाकावर ओढल्यासारखंच दिसतं. रू यांचं आधीचं काम तर भारतातल्या कुंभारांबरोबरच झालेलं आहे. कौशल्य शिकायला किती वर्षं लागतात, कुठल्या आकारापाशी शिकाऊ अडतात, हे त्यांनी मोजलं. तेव्हा ‘चाकावर घडवलेले’ या एका रकान्यात निदान चार वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात: ओढलेलं आणि तसंच ठेवलेलं, ओढून तासलेलं, ओढून थापटलेलं, आणि वळ्या रचून फिरवलेलं.

जोर्वे भांड्यांमधला ओळखीचा वाडगा घ्या. वरची भिंत आत वळलेली, मग पोटावर एक ठसठशीत कोन, आणि खाली गोलसर तळ. माझं लक्ष त्या कोनावर आहे. तंत्र बदलायचं असेल तर ते अशाच जागी बदलतं. कोनाच्या वर बोटांच्या लाटा आणि खाली पात्याच्या पट्ट्या मिळाल्या तर एक इतिहास. खाली चट्टे आणि दाब मिळाले तर दुसरा. पहिल्यात एकच माणूस चाकाशी परत आला. दुसऱ्यात भांडं चाकापासून उठून कुणा दुसऱ्याच्या मांडीवर गेलेलं असू शकतं. मात्र लेप आणि रंग देण्याआधी ओल्या फडक्याने पुसलं असेल तर दोन्ही खुणा पुसट होतात, म्हणून बाहेरची बाजू एकटी कधीच वाचू नका. छेद आणि आतली बाजू हवीच.

पात्याची थरथर

तासताना पातं बोथट असेल किंवा माती जरा जास्त वाळली असेल, तर पातं नाचायला लागतं. टक-टक-टक करत पृष्ठभागावर एकसारख्या तिरप्या टिकल्या उठतात. स्टुडिओत शिकणाऱ्यांना ही चूक म्हणून दाखवतात. लवचिक पातं मुद्दाम तसं नाचू दिलं तर तीच नक्षी होते.

याचा संबंध एका मोठ्या वादाशी आहे. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला उत्खनन केलं. तिथे करड्या-काळ्या रंगाच्या उथळ थाळ्या मिळाल्या, आतल्या तळावर बारीक टिकल्यांची एकात एक वर्तुळं असलेल्या. ‘रूलेटेड वेअर’ असं त्यांचं नाव पडलं, म्हणजे दातेरी चक्री फिरवून नक्षी केलेली भांडी. व्हीलर यांनी या भांड्यांचं मूळ भूमध्य समुद्राकडे शोधलं. नावातच तंत्र गृहीत धरलं गेलं, आणि तंत्राबरोबर उगमही. पुढे प्रश्न उभा राहिला की ही वर्तुळं चक्रीने उठली की नाचणाऱ्या पात्याने. (इथे थाळी सुलटीच असते, नक्षी आतून आहे. चक लागत नाही, पण चामड्याइतकी वाळलेली माती, फिरतं चाक आणि पातं, मामला तोच.) फरक ओळखायचा उपाय सोपा आहे: दातेरी चक्रीचा ठसा ठराविक अंतराने जसाच्या तसा परत येतो, कारण चक्रीला मोजके दात असतात. नाचणाऱ्या पात्याच्या टिकल्यांचं अंतर चाकाच्या वेगाबरोबर सरकत जातं.

उगमाचा प्रश्न मात्र पुण्यात पुढे सरकला. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने या भांड्यांच्या मातीतली खनिजं तपासली आणि १९९७ मध्ये ती बंगालमधल्या चंद्रकेतुगड-तामलुक भागाच्या मातीशी जुळतात असं मांडलं. भौतिकशास्त्रातून इकडे येऊ पाहणाऱ्यांनी तो शोधनिबंध जरूर वाचावा. एका नावाने अर्धं शतक गृहीत धरलेली गोष्ट खनिजांच्या यादीने कशी हलते, ते कळतं.

रकान्यात न मावणारे हात

आता माझा या रकान्यावर एवढा राग का, ते सांगते. भारतात बऱ्याच कुंभार समाजांमध्ये बाईने चाक फिरवायचं नाही असा दंडक आहे. माती चाळणं, मळणं, कित्येक ठिकाणी थापटणं, लेप देणं, रंगवणं ही कामं घरातल्या बायकांकडे. वैद्यनाथ सरस्वती आणि एन. के. बेहुरा यांनी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी केलेल्या, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशभरातल्या कुंभारकामाच्या पद्धती गोळा केलेल्या आहेत. चाक आणि थापटणं यांची किती वेगवेगळी वाटणी होते ते त्यात वाचायला मिळतं. माठाचा पोटापासून खालचा सगळा आकार थापटण्याने आलेला असतो, तरी तक्त्यात आपण लिहितो ‘चाकावर घडवलेले’. मडक्याच्या अर्ध्याहून अधिक भागाचं श्रेय एका शब्दात चाकाला, आणि चाकावर बसणाऱ्याला जातं.

आजची वाटणी उचलून इ. स. पू. १४०० वर चिकटवायची नाही, हे मलाही ठाऊक आहे. जोर्वे काळात चाकावर कोण बसत होतं हे खापर सांगत नाही. पण एका भांड्यावर दोन प्रकारचे हात फिरले की एकाच प्रकारचे, हे खापर सांगू शकतं, आणि ते नोंदवायला आपल्या तक्त्यात जागाच नाही. इनामगावला घोड नदीकाठी कुंभाराची भट्टी मिळालेली आहे. भट्टीभोवतीची खापरं आणि लांबच्या घरांतली खापरं यांची या दृष्टीने तुलना करता येईल, पण त्यासाठी तळाचे तुकडे वेगळे काढून ठेवलेले हवेत. संग्रहात काम करायला गेलात की बिनकाठाच्या, बिननक्षीच्या तुकड्यांचं काय केलं जातं ते आधी विचारा. खूपदा ते मोजून, वजन करून परत टाकलेले असतात.

पाती

शेवटी ज्या कामासाठी सध्या माझी धावपळ चालू आहे, त्याबद्दल.

बलुचिस्तानात नौशारो इथे ज्याँ-फ्रांस्वा जारीज यांच्या फ्रेंच पथकाने उत्खनन केलं. तिथे सिंधू संस्कृतीच्या काळातली, साधारण इ. स. पू. २५०० ची, कुंभारकामाची एक जागा मिळाली. तिथे चकमकीची पातीही होती. सोफी मेरी, पॅट्रिशिया अँडरसन आणि सहकाऱ्यांनी या पात्यांच्या धारा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला: ही पाती कुंभारांची होती. चाकावर फिरणाऱ्या, न भाजलेल्या भांड्यांची माती त्यांनी तासली जात होती. म्हणजे चक हरवला तरी पातं राहिलं, आणि पात्याच्या धारेवर काम लिहिलेलं राहिलं.

आता आपल्याकडे या. जोर्वे संस्कृतीच्या गावांमध्ये कॅल्सेडनीची लहान, समांतर कडांची पाती मिळतात, आणि ती भरपूर मिळतात. नाशिक, नेवासे, इनामगाव, कुठलाही अहवाल उघडा. अर्थ लावताना आपण ती विळ्यात बसवतो, सुरीत बसवतो. शेतकऱ्याची गावं आहेत, तेव्हा पहिला विचार कापणीचाच येणार.

पण विळ्याची धार आणि तासण्याची धार वेगळी झिजते. कापणीत पातं आपल्या धारेच्या दिशेने ओढलं जातं, त्यामुळे ओरखडे धारेला समांतर जातात, आणि गवतातल्या सिलिकामुळे धारेवर काचेसारखी चमक चढते. तासताना धार स्थिर असते आणि माती तिच्यावरून आडवी वाहते. ओरखडे धारेला काटकोनात पडायला हवेत, धार गोलसर आणि मंद व्हायला हवी. जोर्वे पातळ भांडी खरंच तासून पातळ केलेली असतील, तर काही पात्यांच्या धारेवर याची खूण असलीच पाहिजे. खापरांचा पुरावा आणि पात्यांचा पुरावा एकमेकांपासून स्वतंत्र आहे, हीच यातली खरी सोय. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर ते टिकेल. खापरांवर फक्त थापटल्याच्या खुणा निघाल्या आणि पाती सगळी कापणीची निघाली, तरीही तो निकालच असेल, आणि गोल तळ थापटून घडवायची आपली रीत तीन हजार वर्षं मागे नेता येईल.

तुलनेसाठी आधी ताजी झीज हवी. त्यासाठी मी कॅल्सेडनीची काही पाती फोडून घेतली आहेत. त्यातली काही गोदावरीच्या गाळाच्या मातीची भांडी चकवर उलटी बसवून तासायला वापरतेय, काही गव्हाच्या कापणीसाठी बाजूला ठेवली आहेत. मातीत वाळू कमी-जास्त करून प्रत्येक पात्याचे किती फेरे झाले ते वहीत लिहायचं, ठराविक फेऱ्यांनंतर धार धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचा, परत चाकावर. कापणीची पाती मात्र मार्चपर्यंत थांबतील. नाशिककडे गहू तेव्हा उभा असतो.